खडूच्या सहा खुणा

कुणी आपलं वाईट वाईटपणाने केलं तर निदान चार शब्द सुनावता येतात. चांगुलपणाने केलं की मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार. फिटिंगमावशीचं नेमकं तेच झालं. आणि संतापाची गोष्ट अशी की सगळी गल्ली आजही तिलाच म्हणते, बाई, तू जरा अतीच केलंस. म्हणून एकदा सांगून टाकतो, काय झालं ते. मग अती कुणी केलं ते तुम्हीच ठरवा.

मावशीचं दुकान म्हणजे घराची रस्त्याकडची खोली. एक मशीन, एक उभा आरसा, इस्त्रीचं टेबल आणि कपडे घालून बघायला पडदा लावलेला कोपरा. नवा कपडा ती शिवत नाही. ढिलं झालेलं आवळायचं, तंग झालेलं सैल करायचं, लांब असेल ते आखूड करायचं, एवढाच तिचा धंदा, म्हणून नाव पडलं फिटिंगमावशी. पँट हातात आली की ती आधी उलटी करून शिवणीच्या आत बघते. तिथे जास्तीचं कापड सोडलेलं असतं, त्याला ती दाब म्हणते. दाब ठेवला नसेल तर त्या न पाहिलेल्या शिंप्याचा ती तिथल्या तिथे उद्धार करते. "माणूस काय जन्मभर एकाच मापाचा राहतो? उसवता येणार नाही असं शिवलं त्याने. शिंपी कसला, वैरी आहे वैरी!"

तिचा नवरा मिस्त्री. दारं, कपाटं, पलंग करतो. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा कारखाना. माणूस हाडाचा कारागीर, निर्व्यसनी, आवाज चढवणं ठाऊक नाही. पण त्याचा धर्म बायकोच्या अगदी उलट. "सांधा असा पाहिजे," तो म्हणायचा, "की लाकूड फाटेल, पण सांधा सुटणार नाही." त्याने तीस वर्षांपूर्वी केलेलं कपाट एका गिऱ्हाइकाला घर बदलताना दारातून बाहेर काढता आलं नाही, ते तसंच मागे सोडून जावं लागलं. ही गोष्ट मिस्त्री अभिमानाने सांगतो.

आणखी एक. मिस्त्रीच्या हत्यारांच्या पेटीत रंधा आहे, पटाश्या आहेत, नऊ प्रकारच्या करवती आहेत. विचारणं नावाचं हत्यार तेवढं नाही. मावशीचं पायाने चालवायचं मशीन, ज्यावर तिचा पाय वीस वर्षं बसला होता, ते त्याने एके दिवशी परस्पर काढून टाकलं आणि जागेवर विजेचं आणून ठेवलं. तुझ्या पायांना आराम, म्हणाला. मावशी दोन दिवस रडली. गल्ली म्हणाली, नशीब काढलंस हो! तिचं डुगडुगणारं स्टूल, ज्यावर डुलत डुलत ती काजं करायची, त्याचा पाय त्याने असा पक्का बसवला की तिची पाठ धरली. त्यावरही लोक म्हणाले, किती काळजी! काळजीच ती. विचारून केली असती तर गोड लागली असती.

आता मावशीच्या रोलर कोस्टरच्या वेडाचं. मुलगा आठ वर्षांचा असताना त्याला घेऊन मावशी एकदा मोठ्या करमणूक बागेत गेली होती. मुलगा गाडीत बसला, ही कठड्याबाहेर त्याच्या चपला धरून उभी. बाकीच्या आया वर बघून किंचाळत होत्या, ही मात्र खांबांकडे बघत होती. गाडी वरून गेली की खांब हलतात, हे तिने पाहिलं. जवळच एक तेलकट कपड्यांतला माणूस साखळीला वंगण लावत होता. त्याला तिने घाबरून दाखवलं. तो हसला. "हलतंय म्हणून उभं आहे, बाई. हलायचं थांबलं की मोडेल." पँटच्या गुडघ्याला सैलपणा नसेल तर बसताना फाटते, तसंच हे, एवढं तिला लगेच समजलं. मुलाला त्या दिवसाची आठवणही नाही. ती मात्र ते वाक्य घेऊन घरी आली.

पुढे मुलगा नोकरीला दूरच्या शहरात गेला आणि पलंगाखाली त्याचा खेळण्यांचा मोठा डबा राहिला. एकमेकांत बसणारे ठोकळे, दांड्या, लहान चाकं, वाकणाऱ्या पट्ट्या, बारीक कड्यांची साखळी. एका दुपारी इस्त्री तापेपर्यंत मावशीने त्यातून एक उतार जोडला आणि वरून चाकांची गाडी सोडली. गाडी टेबलावरून पडून गिऱ्हाइकाच्या बुटात गेली. झालं! तेव्हापासून नऊ वर्षं, खेळण्यांच्या तुकड्यांतून रोलर कोस्टर करायचा, हा तिचा उद्योग चालू होता. भंगारवाला असले तुकडे तिच्यासाठी बाजूला काढू लागला, गिऱ्हाइकं आपल्या मुलांचे जुने डबे आणून देऊ लागली. गल्लीत लोक आधी हसले, मग सवय झाली.

तिचे नियम कडक होते. मोटर लावायची नाही. गाडी साखळीने वर चढवायची, तीही हाताने दांडी फिरवून, आणि माथ्यावरून एकदा सोडली की पुन्हा हात लावायचा नाही. पुढचा सगळा प्रवास गाडीने आपल्या वजनावर करायचा. आणि सगळ्यांत मोठा नियम, काहीही चिकटवायचं नाही. एक पूर्ण झाला, पुरता बघून झाला, की तो मोडायचा आणि त्याच तुकड्यांतून पुढचा करायचा. असे तिने तेरा केले आणि तेरा मोडले. तेरावा मोडताना शेजारच्या काकू हळहळल्या. मावशी म्हणाली, "अहो काकू, हा मोडला नाही तर चौदावा कशाचा करू? माझ्या हाडांचा?"

चौदावा सगळ्यांत मोठा. जुन्या दाराच्या फळीवर उभा केलेला, छातीइतका उंच. माथ्यावरून गाडी सुटायची, खोल दरीत उतरायची, मग एका उभ्या वेढ्यात उलटी होऊन बाहेर यायची, गोल गोल फिरत खाली येऊन साखळीपाशी थांबायची. त्या वेढ्याने तिचे चार महिने खाल्ले. गाडी वेढ्याच्या टोकाला जाऊन पडायची. माथा तीन ठोकळे उंच केला तर खांब फार डुलू लागले. खांबाला आडव्या दांड्या दिल्या तर डुलणंच बंद झालं आणि गाडी धक्का खाऊन रुळावरून उतरू लागली. शेवटी एकच दांडी काढून तिने खांबाला पाव बोट हलण्याची मुभा दिली, आणि गाडी वेढ्यातून अशी सरकून गेली की मावशी एकटीच्या खोलीत "ये!" म्हणून ओरडली. माथ्यापासून शेवटापर्यंत एकोणीस सेकंद. घड्याळाचा काटा बघून तिने पन्नास वेळा खात्री केली.

वाचनालयाच्या ग्रंथपालबाई कोटाच्या बाह्या आखूड करायला आल्या होत्या. त्यांनी गाडी जाताना पाहिली आणि बाह्या विसरल्या. रविवारी वाचनालयाच्या सभागृहात लोकांच्या छंदांचं प्रदर्शन होतं. "तुम्ही हे आणायचंच," त्या म्हणाल्या. मावशीने आधी नाही नाही केलं. पण त्या रात्री जेवताना ती मिस्त्रीला म्हणाली, "मला काही बक्षीस नको. पण पन्नास माणसं गप्प उभी राहून एकोणीस सेकंद बघतील ना, तेवढं मला पाहिजे आहे." मिस्त्रीने मान डोलावली. त्याने ऐकलं होतं, हे मी मुद्दाम सांगतो.

सभागृहाचं दार अरुंद. मावशी टेप घेऊन जाऊन मापून आली. मग तिने ठरवलं, कोस्टरचे सहा भाग करायचे आणि तिथे जाऊन पुन्हा जोडायचे. गुरुवारी सकाळी तिला बहिणीकडे जायचं होतं, ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. निघण्यापूर्वी तिने आपल्या शिवणाच्या खडूने सहा सांध्यांवर खुणा केल्या. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मिळून एक एक फुली. शिवणकामात फुलीचा अर्थ एकच, इथे उसवायचं.

आता मिस्त्रीच्या कामात दोन लाकडांवर मिळून फुली असली की तिचा अर्थ होतो, हे दोन जोडीदार, इथे सरस लावायचा. गुरुवारी दुपारी तो घरात आला, त्याने सहा फुल्या बघितल्या आणि त्याला बायकोची दया आली. बिचारी, वेळ नाही मिळाला! त्याने दोन दिवस कारखाना बंद ठेवला. फुलीच्या सहा सांध्यांना बाटलीतला जालीम गोंद भरला, जो बोटाला लागला तर कातडी घेऊन सुटतो. आणि मग हात शिवशिवले म्हणून बाकीच्या शेकडो सांध्यांना लाकडाचा पांढरा गोंद. काढलेली आडवी दांडीही त्याला डब्यात सापडली. राहून गेली वाटतं, म्हणून तीही बसवली.

एक फोन! ताईच्या घरी फोन होता, मावशीच्या पिशवीत फोन होता, मिस्त्रीच्या खिशात फोन होता. पण नाही. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता ना!

शनिवारी दुपारी मावशी आली. मिस्त्री दारातच उभा, दाढी करून, नवा शर्ट घालून. "बघ तरी," म्हणाला. "आता हत्ती बसला तरी हलणार नाही."

मावशीने पिशवी खाली ठेवली. पहिल्या फुलीपाशी जाऊन दोन्ही हातांनी सांधा ओढला. मग दुसरा. मग तिसरा. मग तिने गाडी साखळीला लावली आणि दांडी फिरवली. गाडी माथ्यावरून सुटली, दरीत उतरली, वेढ्यात अर्ध्यापर्यंत चढली, थबकली, आणि उलटी मागे आली. दरीत दोन-चारदा मागेपुढे होऊन तिथेच निपचित पडली. रुळाच्या आतल्या कडेला गोंदाचे मण्यांएवढे थेंब वाळले होते.

"हे काय केलंत हो?"

"पक्कं केलं."

"कुणी सांगितलं होतं?"

"तूच खुणा केल्या होत्यास की."

"त्या उघडायच्या होत्या! उघडायच्या! आणि फक्त सहा होत्या, बाकीच्यांना कुणाचं आमंत्रण होतं?"

"अगं, पण रस्त्यात पडलं असतं. एवढं अकरा महिन्यांचं काम..."

"अकरा महिने माझे होते ना? मग पडलं असतं तर माझं पडलं असतं!"

मिस्त्री खरोखर गोंधळला. तो म्हणाला, "आता कायमचं राहील गं." आणि या वाक्याने मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षं ही बाई काय करत होती, ते त्याच घरात दोन वेळा जेवणाऱ्या माणसाला एवढंसुद्धा कळलं नव्हतं.

तिने ताईला फोन केला. ताई डोळ्यावर पट्टी बांधून म्हणाली, "माझे हे मेले पाण्याचा ग्लास देत नाहीत. तुझ्याने दोन दिवस घालवले तुझ्यासाठी!" काकू म्हणाल्या, "हेतू बघावा गं." मुलगा म्हणाला, "आई, बाबांना किती वाईट वाटलं असेल. खेळण्याचेच तुकडे ना? मी नवीन डबा पाठवतो." म्हणजे जिचं गेलं तिला कुणी विचारेना, आणि ज्याने घालवलं त्याच्या सांत्वनाला रांग!

रविवारी सकाळी मिस्त्रीने टेम्पो आणला, दोन कारागीर बोलावले आणि कोस्टर अखंड उचलला. मावशी मागून चालत गेली. जायचं नाही असंच तिने ठरवलं होतं, पण ग्रंथपालबाईंना शब्द दिला होता. आणि सभागृहाच्या दारात व्हायचं तेच झालं. कोस्टर आत जाईना. आडवा जाईना, तिरका जाईना. मिस्त्रीने दाराकडे धंद्याच्या नजरेने बघितलं आणि म्हणाला, "चौकट काढू का? तासाभराचं काम आहे." ग्रंथपालबाईंचा चेहरा पांढरा पडला. शेवटी कोस्टर बाहेरच्या पडवीत, लोकांच्या छत्र्या आणि सायकली ठेवतात तिथे उभा राहिला. मावशीच्या नावाचं कार्ड त्याला टेकवून ठेवलं.

लोक जाता-येता थांबू लागले. मिस्त्री शेजारी उभा राहून माहिती देऊ लागला. किती सांधे, कोणता गोंद, वाळायला किती वेळ. लोक ठोकून बघत आणि वा वा म्हणत. प्रदर्शनाचे पाहुणे आले, निवृत्त साहेब होते कुठले तरी. त्यांनी विचारलं, "हा छंद कुणाचा?"

"दोघांचा," मिस्त्री म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता, हे तर आणखी वाईट. त्याला तसंच वाटत होतं.

"छान, छान. चालतं का हे?"

"चालवायचं नाही आता साहेब. शोभेचं आहे."

मावशी इतका वेळ सायकलींपाशी उभी होती. ती पुढे आली, कार्ड उचललं, पर्समधला खडू काढला आणि आपल्या नावावर फुली मारली.

"हे माझं नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण पडवीतली कुजबुज थांबली. "हे ह्यांचं आहे. सांधे बघायचे असतील तर बघा, उत्तम आहेत. माझं होतं ते चालत होतं. गुरुवारपर्यंत."

तिने दांडी फिरवली. साखळी कटकटत गाडी वर गेली, माथ्यावरून सुटली, दरीत उतरली आणि वेढ्यात अर्ध्यावरून परत फिरली. पन्नासेक माणसं गप्प उभी राहून बघत होती. तिने मागितलं होतं तसंच. गाडी दरीत डुचमळून थांबली, तेव्हा साहेबांनी सभ्यपणाने टाळी वाजवली आणि त्यांचं बघून दहा-बाराजणांनी वाजवली.

"टाळ्या नका वाजवू," मावशी म्हणाली. "ते पडलं आहे. दिसत नाही का तुम्हाला, ते पडलं आहे?"

तिने गाडी उचलून पर्समध्ये टाकली आणि ती घरी चालत निघाली. तेवढी एकच गोष्ट बिनगोंदाची राहिली होती.

आणि याला गल्ली म्हणते, तिने चारचौघांत नवऱ्याची शोभा केली!

मिस्त्रीने कोस्टर परत आणून शेडमध्ये ठेवला. पुढचा महिनाभर घरात मोजकं बोलणं होत होतं. जेवायला या. विजेचं बिल आलंय. पाचव्या-सहाव्या दिवशी मावशीला शेडमधून ठोकल्याचा आवाज आला, आणि मग काहीतरी तडकल्याचा. दुसऱ्या दिवशी वाफेचा वास आला, नंतर वितळलेल्या प्लास्टिकचा. ती बघायला गेली नाही. एका संध्याकाळी मिस्त्री दुकानात आला आणि तिच्या टेबलाच्या कडेला चार तुकडे ठेवून गेला. पांढरा गोंद कोमट पाण्यात दिवसभर भिजवला तर सुटतो, हे त्याला बरेच तुकडे मोडल्यावर आणि वाकवल्यावर कळलं होतं. नखाने खरवडून त्याने एकेक कड साफ केली होती. तीस वर्षं सांधे बसवणाऱ्या माणसाला सांधा उघडायला बसावं लागलं. बसू दे की!

मावशी रोज आलेले तुकडे एकमेकांत लावून बघायची. बसले तर डब्यात. किंचित वाकलेला किंवा कड उडालेला निघाला तर सकाळी त्याच्या चहाच्या कपाशेजारी परत. "हा चालणार नाही," एवढंच. फुल्यांचे सहा सांधे मात्र शेवटपर्यंत सुटले नाहीत. जिथे उघडायचं होतं, नेमकं तिथेच ते जन्माचे बंद झाले. ते सहा ठोकळे मिस्त्रीने एका रुमालात बांधून आणले. मावशीने ते कपड्यांवर वजन म्हणून ठेवले आहेत, खडूची फुली वर करून. गिऱ्हाइकाने विचारलं तर ती सगळी हकिकत सांगते, मिस्त्री समोर असला तरी.

पंधरावा कोस्टर तिने गेल्या महिन्यात सुरू केला. लहानच आहे, तुकडेच तेवढे उरलेत. मुलाचा नवा डबा आला होता, तो तिने काकूंच्या नातीला देऊन टाकला. परवा मी कोटाची गुंडी लावून घ्यायला गेलो तेव्हा ती खांब उभे करत होती आणि मिस्त्री समोर जमिनीवर बसला होता, बोलावल्याशिवाय आलेल्या पाहुण्यासारखा अवघडून. एक खांब डुलत होता. मिस्त्रीचे डोळे त्या खांबावर, आणि बोटं चुळबुळत होती. मी बघत होतो. त्याचा हात डब्यात गेला, एक आडवी दांडी घेऊन बाहेर आला, खांबाच्या दिशेने निम्म्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"ही," तो घसा खाकरून म्हणाला, "ही इथे लावू का?"

मावशीने मान वर केली. खांबाला बोट लावून तो डुलवून बघितला.

"नको," ती म्हणाली.

मिस्त्रीने दांडी परत डब्यात ठेवली आणि हात मांडीखाली घेऊन बसून राहिला.